सदरलंडची काउंटेस एलिझाबेथ : एक मान्य झालेली वहिवाट आणि एक नाकारलेली

21 मार्च 1771 रोजी लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने वारसाहक्काच्या एका दाव्याचा निकाल दिला. ज्या एलिझाबेथ सदरलंडच्या बाजूने तो लागला, तिला तेव्हा सहावे वर्षही पूर्ण झालेले नव्हते. तिचे वडील, सदरलंडचे अर्ल विल्यम, आणि आई मेरी हे दोघेही 1766 च्या जूनमध्ये इंग्लंडमधल्या बाथ या गावी तापाने, एकमेकांच्या मागोमाग पंधरवड्याच्या आत वारले होते. मोठी बहीण त्याच वर्षी जानेवारीत गेली होती. मागे उरली ती एडिंबरोमध्ये आजीजवळ वाढणारी ही एकुलती पोर. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाजवळचा विस्तीर्ण मुलूख आणि देशातल्या सर्वांत जुन्या उमरावपदांपैकी एक तिच्या नावावर यायचे होते. घराण्यातल्या दोन पुरुष दावेदारांनी, गॉर्डनस्टनचे सर रॉबर्ट गॉर्डन आणि फोर्सचे जॉर्ज सदरलंड यांनी, त्याला हरकत घेतली. असे पद मुलीकडे जाऊ शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

एलिझाबेथच्या पालकांपैकी एक असलेले न्यायाधीश लॉर्ड हेल्स यांनी तिची बाजू लिहून काढली. स्कॉटलंडच्या कायदेशास्त्रात त्या लिखाणाचा आजही आदराने उल्लेख होतो. हे पद 13 व्या शतकातले असून ते नेमक्या कोणत्या शब्दांत दिले गेले याची सनद कोणाकडेच नाही. अशा वेळी जुनी वहिवाट पाहावी लागते, आणि 1514 मध्ये याच घराण्यातल्या दुसऱ्या एका एलिझाबेथकडे हे पद आलेले आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. लॉर्ड्सनी तो मान्य केला. कागद नसताना पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत हाच हक्काचा पुरावा ठरला आणि मुलगी काउंटेस, म्हणजे अर्लपद स्वतःच्या हक्काने धारण करणारी स्त्री, झाली. पुढच्या सगळ्या प्रकरणात हा मुद्दा ध्यानात ठेवावा लागतो, कारण चाळीस वर्षांनी तिच्याच कुळांकडे स्वतःच्या जमिनीसाठी नेमका असाच पुरावा होता आणि तो ऐकून घेणारे न्यायासन मात्र कुठेच नव्हते.

खोऱ्यांतली वहिवाट

सदरलंडच्या आतल्या भागात नद्यांची लांबच लांब खोरी आहेत. स्ट्रॅथनेव्हर आणि किलडोनन ही त्यांतली दोन नावे या प्रकरणात वारंवार येतील. तिथे गेलिक भाषा बोलणारी माणसे लहान लहान वाड्यांमधून राहत. काळी गुरे पोसावीत, ओट आणि जव पिकवावे, उन्हाळ्यात गुरे डोंगरावरच्या कुरणांत न्यावीत आणि विस्तवासाठी दलदलीतली पीट नावाची जळाऊ माती कापून वाळवावी, असा त्यांचा क्रम होता. जमीन काउंटेसची. तिच्याकडून ती मक्त्याने घेणाऱ्या मधल्या थराला टॅक्समन म्हणत आणि त्यांच्या हाताखाली खरे कसणारे असत. टॅक्समनजवळ लेखी पट्टा असे. कसणाऱ्याजवळ बहुधा काहीच नसे, त्यामुळे कायद्याच्या नजरेत तो मर्जीचा कूळ होता. मे महिन्यातल्या व्हिटसन सणाच्या मुदतीआधी रीतसर नोटीस दिली की त्याला बाहेर काढता येई.

कसणारा स्वतःकडे त्या नजरेने पाहत नव्हता. गेलिकमध्ये ‘दूखस’ असा एक शब्द आहे. एखाद्या क्लॅनच्या, म्हणजे एका प्रमुखाला मानणाऱ्या घराण्यांच्या समूहाच्या, माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या एका भूमीवर राहिल्यामुळे त्या भूमीशी जडलेले नाते आणि त्यातून आलेला राहण्याचा हक्क, असे दोन्ही अर्थ त्यात आहेत. मराठी वाचकाला यावर फार समजावून सांगण्याची गरज नाही, कारण ‘मिरास’ हा शब्द आपल्याकडे होताच. फरक असा की मिरासीची नोंद गावच्या दप्तरात होई, तिची खरेदी-विक्रीही होई. दूखस मात्र माणसांच्या स्मरणातच होता. त्या नात्याला दुसरी बाजूही होती. क्लॅनचा प्रमुख माणसांना जमिनीवर ठेवी आणि माणसे त्याच्यासाठी लढायला जात. हा व्यवहार कालबाह्य झाला होता असे म्हणावे, तर 1799 मध्ये काउंटेसचे नातेवाईक मेजर जनरल विल्यम वेमिस यांनी 93 वी पलटण उभी केली ती याच नात्याच्या बळावर. घरटी तरुण मागण्यात आले आणि ते दिले गेले. मुलगा पलटणीत गेला म्हणजे आईबापांची जमीन शाबूत राहील, अशी लोकांची समजूत होती आणि ती करून देण्यात आली होती. ही पलटण 8 जानेवारी 1815 रोजी अमेरिकेत न्यू ऑर्लिन्ससमोर कापली गेली. तोवर स्ट्रॅथनेव्हरमधली काही घरे पाडून झाली होती. पुढे 1857 मध्ये लखनऊच्या लढाईत हीच 93 वी पलटण हिंदुस्थानात दिसते, पण तो वेगळा इतिहास आहे.

कालव्याचा पैसा

एलिझाबेथने आपला मुलूख पहिल्यांदा पाहिला तो 1782 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी. गेलिक तिला येत नव्हते. 1785 मध्ये तिचा विवाह जॉर्ज ग्रॅनव्हिल लेव्हसन-गोअर यांच्याशी झाला. ते इंग्लंडमधल्या एका बड्या घराण्याचे वारस होते आणि 1790 ते 1792 या काळात पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. क्रांतीच्या त्या दिवसांत एलिझाबेथ पॅरिसमध्येच होती, आणि कैदेतल्या राणीच्या मुलासाठी तिने आपल्या मुलाचे कपडे पाठवल्याचे सांगितले जाते. ती चांगली चित्रे काढी. उत्तर स्कॉटलंडच्या किनाऱ्याची तिने केलेली कोरीव चित्रे छापलीही गेली. म्हणजे ही बाई निर्बुद्ध किंवा पाषाणहृदयी होती असे मानून प्रकरण मिटवता येत नाही.

1803 हे वर्ष निर्णायक ठरले. मार्चमध्ये जॉर्जचे मामा, ब्रिजवॉटरचे ड्यूक, निपुत्रिक वारले. वर्स्लीच्या खाणींतला कोळसा मँचेस्टरला नेणारा इंग्लंडमधला प्रसिद्ध कालवा त्यांचाच. त्याचे उत्पन्न भाच्याला हयातीपुरते मिळाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वडील वारल्याने जॉर्ज स्टॅफर्डचे दुसरे मार्क्विस झाले आणि त्या जहागिरीही हातात आल्या. देशातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत त्यांची गणना होऊ लागली.

इथे एक गैरसमज दूर करावा लागतो. हायलँड्समधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या, अनेक जमीनदारांनी कुळे उठवली ती कर्जात बुडाल्यामुळे. मेंढपाळ देऊ करत होते तो चढा खंड त्यांना हवाच होता. सदरलंडची स्थिती याच्या नेमकी उलट होती. इथे पैसा येत नव्हता, जात होता. जहागिरीचे मुख्य कारभारी जेम्स लॉक यांनी पुढे पार्लमेंटमध्ये सांगितले की 1811 ते 1833 या काळात त्या परगण्यातून मालकाने खंडाची एक सहापेनीही बाहेर नेली नाही, उलट साठ हजार पौंडांहून जास्त रक्कम तिथे ओतली. मालकाच्या पगारी माणसाचा हा दावा म्हणून तो जपूनच वाचावा लागेल, पण त्याची दिशा खरी आहे. सदरलंडची कुळे गरजेपोटी उठवली गेली नाहीत. ती एका योजनेपोटी उठवली गेली, आणि म्हणूनच हे प्रकरण इतरांपेक्षा अधिक अस्वस्थ करते. नाइलाज झालेल्या जमीनदाराला थांबायला निदान एक कारण सापडू शकते, म्हणजे कर्ज फिटणे. स्वतःला लोकांचा उपकारकर्ता समजणाऱ्याला तेवढेही सापडत नाही.

योजना कागदावर सुसंगत होती. आतली खोरी शेव्हियट जातीच्या मेंढ्यांसाठी मोठ्या भाडेकरूंना द्यायची आणि तिथल्या माणसांना किनाऱ्यावर आणून वसवायचे. तिथे मासेमारी, कोळसा आणि मीठ यांवर नवी गावे उभी राहतील, असा हिशेब होता. हेल्म्सडेलला हेरिंग माशांसाठी बंदर आणि गाव वसले. ब्रोराला कोळशाची खाण पुन्हा सुरू झाली आणि 1819 मध्ये तिथेच क्लाइनलिश ही मद्याची भट्टी निघाली. अभियंते थॉमस टेलफर्ड यांच्या देखरेखीखाली रस्ते, पूल आणि फ्लीटच्या खाडीवरचा बांध झाला. यातला बराच भाग खरोखर उभा राहिला आणि काही आजही उभा आहे. मात्र किनाऱ्यावर माणसाला दिलेला जमिनीचा तुकडा मुद्दामच दोन-तीन एकरांचा ठेवला होता, म्हणजे त्यावर पोट भरणार नाही आणि माणूस होडीत बसेल. ज्याने जन्मात समुद्र पाहिला नाही अशा गुराख्याला उघड्या, खडकाळ किनाऱ्यावर आणून मासेमार करायचे, तेही एका मोसमात, यातली विसंगती लंडनमध्ये बसून आकडे मांडणाऱ्यांना दिसली नाही.

बॅडिनलॉस्किनची म्हातारी

सुरुवात 1807 मध्ये ‘फार’ आणि ‘लेर्ग’ या दोन पॅरिशांपासून (चर्चच्या कारभारासाठी पाडलेल्या विभागांपासून) झाली. 1809 च्या सुमारास मोरे परगण्यातून विल्यम यंग आणि पॅट्रिक सेलर हे दोघे आले आणि लवकरच कारभार त्यांच्या हाती गेला. यंग शेतीसुधारणेतला माणूस, तर सेलर वकील, हिशेबात काटेकोर आणि जिभेने तिखट. गेलिक माणसांना तो ब्रिटनचे ‘आदिवासी’ म्हणत असे, आणि त्यात कौतुक नव्हते.

1813 च्या आरंभी किलडोननच्या लोकांनी मोजणीला आलेल्या मेंढपाळांना हुसकावून लावले. फोर्ट जॉर्जहून फौज निघाल्यावर प्रतिकार मावळला. त्या लोकांपैकी सुमारे शंभर जण त्याच वर्षी कॅनडातल्या रेड रिव्हर वसाहतीकडे निघाले. ती वसाहत वसवणारे सेल्कर्कचे अर्ल हेही स्कॉटलंडचे वंशपरंपरागत उमरावच होते.

1814 मध्ये स्ट्रॅथनेव्हरच्या वरच्या भागाची पाळी आली. तिथली मेंढ्यांची जमीन लिलावात घेतली होती ती दस्तुरखुद्द सेलरने. म्हणजे नोटिसा बजावणारा कारभारी आणि रिकामी जमीन ताब्यात घेणारा भाडेकरू एकच होता. हे मालकांना ठाऊक होते आणि चालले होते. कारभाराच्या दृष्टीने या प्रकरणातला सर्वांत मोठा दोष मला इथेच दिसतो. तो कोणा एकाच्या स्वभावाचा नव्हता, रचनेचा होता.

जूनमध्ये सेलर आपली माणसे घेऊन आला. घरांची छपरे उतरवली गेली आणि आढी-वासे जाळले गेले. त्या झाडाविरहित प्रदेशात घराचे लाकूड हीच कुटुंबाची मोठी मत्ता असे आणि नव्या जागी जाताना लोक ते खांद्यावर वाहून नेत, हे लक्षात घेतले म्हणजे जाळण्याचा अर्थ कळतो. बॅडिनलॉस्किन येथे विल्यम चिझम नावाच्या माणसाच्या घरात त्याची सासू मार्गारेट मॅके अंथरुणाला खिळून होती. तिचे वय शंभरीच्या जवळ होते. छप्पर पेटत असताना तिला पांघरुणासकट बाहेर काढले आणि पाच दिवसांनी ती शेजारच्या खोपटात वारली. चिझम हा बिनपट्ट्याचा उपरा होता आणि इतर कुळांनाही तो नको होता, असा सेलरचा बचाव होता. त्यात तथ्य असेलही, पण म्हातारी मेली हे त्याने बदलत नाही.

पुढची कथा न्यायव्यवस्थेची आहे. दुय्यम शेरीफ, म्हणजे स्थानिक न्यायाधिकारी, रॉबर्ट मॅकिड यांनी साक्षी नोंदवून 1815 मध्ये सेलरला अटक केली. याच मॅकिडना सेलरने पूर्वी जहागिरीत चोरून शिकार करताना पकडले होते, त्यामुळे बचावपक्षाला सूडबुद्धीचा आरोप करणे सोपे गेले. 23 एप्रिल 1816 रोजी इन्व्हर्नेसमध्ये लॉर्ड पिटमिली यांच्यासमोर सुनावणी झाली. सदोष मनुष्यवध आणि जाळपोळ हे मुख्य आरोप होते. पंधरा ज्यूरींत जमीनमालकांचा भरणा होता आणि गेलिक साक्षीदारांचे म्हणणे दुभाष्यामार्फत ऐकले गेले. पाव तासात ज्यूरीने सेलरला निर्दोष ठरवले. मॅकिड यांची नोकरी गेली आणि त्यांना पुढे लेखी माफी मागावी लागली.

मॅकिड यांचे हेतू शुद्ध होते की नाही, या वादात अनेक अभ्यासकांनी बरीच शाई खर्च केली आहे. माझ्या मते तो वाद गौण आहे. मॅकिड संत असते तरी न्यायालयापुढे प्रश्न एवढाच होता की काढून टाकण्याचे काम करताना सेलरने मर्यादा ओलांडली का. काढून टाकण्याचा अधिकार मालकाला आहे की नाही, हा प्रश्न तिथे कोणी विचारलाच नाही, कारण कायद्यात तो निघालेलाच होता.

काउंटेसला सेलर कसा आहे हे कळत नव्हते असेही नाही. 1814 च्या उन्हाळ्यातच तिने नवऱ्याला लिहिले होते की हा माणूस लोकांशी अतिशय लोभीपणाने आणि कठोरपणे वागतो, स्ट्रॅथनेव्हरहून गंभीर तक्रारी येत आहेत आणि आहे त्याहून जास्त विश्वास त्याच्यावर टाकता येणार नाही. तरी पुढची तीन वर्षे तो पदावर राहिला. 1817 मध्ये कारभार त्याच्याकडून काढून घेतला गेला, पण मेंढ्यांची जमीन मात्र त्याच्याकडेच राहिली. नवे कारभारी फ्रान्सिस सदर आले आणि 1819 च्या मे महिन्यात स्ट्रॅथनेव्हरमधली सर्वांत मोठी उठावणी झाली. पुन्हा वासे जाळले गेले, कारण लोक मागे फिरून छपरे चढवतील ही भीती होती. लॉक यांना त्या धुराचे वृत्तपत्रांत काय होईल याची काळजी होती. माणसे बदलली, रीत जराशी बदलली, योजना तीच राहिली.

त्याच 1819 च्या ऑक्टोबरमध्ये आणखी एक स्कॉटिश उमरावपुत्र जमिनीच्या हक्कांविषयी लिहीत होता. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टन यांचे चौथे चिरंजीव. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल त्यांनी कलकत्त्याला धाडला. इथली पुष्कळ रयत आपल्या जमिनीची मालक आहे, हा हक्क वंशपरंपरेचा आणि विकता येण्याजोगा आहे, आणि सारा भरत असेतोवर तिला कोणी हुसकावत नाही, असे त्यात मिरासदारांविषयी नोंदवले आहे. परक्या मुलखात स्थिर राज्य करायचे तर रयतेची वहिवाट ओळखावी लागते, हे त्या पिढीच्या एका स्कॉटिश सरदाराला पुण्यात उमगले होते. त्याच पिढीच्या दुसऱ्या सरदार घराण्याला आपल्याच मुलखात ते उमगू नये, याचे कारण बुद्धीत नसून सोयीत शोधावे लागेल. नव्या सत्तेला दख्खनमध्ये रयत हवी होती, कारण सारा तिच्याकडून येणार होता. सदरलंडमध्ये खंड मेंढ्यांकडून येणार होता.

आकडे काय सांगतात

किलडोनन पॅरिशची लोकसंख्या 1811 मध्ये 1,574 होती, 1821 मध्ये 565 आणि 1831 मध्ये 257. हे आकडे धक्कादायक आहेत आणि ते नेहमी उद्धृत होतात. पण संपूर्ण सदरलंड परगण्याची लोकसंख्या 1801 मध्ये 23,117 होती आणि 1831 मध्ये ती 25,518 झाली, म्हणजे वाढली. जहागिरीचे समर्थक याच आकड्यावर बोट ठेवत आणि लोक नाहीसे झाले नाहीत, केवळ जागा बदलली, असे म्हणत. दोन्ही आकडे एकत्र वाचले की खरे चित्र दिसते. खोऱ्यांत पसरलेली माणसे किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्टीत दाटीने कोंबली गेली. 1816–17 च्या दुष्काळात त्यांच्यासाठी मालकाने धान्य पाठवले, याची जहागिरीच्या दप्तरात उदारपणा म्हणून नोंद आहे. ब्रोराची खाण आणि मिठागरे काही वर्षांतच बंद पडली. हेरिंगने हेल्म्सडेलला काही दशके हात दिला. मेंढ्यांचे भाडेकरू, सेलरसकट, श्रीमंत झाले.

मार्क्विस 1833 च्या जानेवारीत सदरलंडचे पहिले ड्यूक झाले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये सदरलंड घराण्याच्या डनरॉबिन इथल्या वाड्यात वारले. गोल्स्पी गावामागच्या बेन ब्रॅगी डोंगरावर त्यांचा शंभर फूट उंचीचा पुतळा-स्तंभ उभा आहे. शोकाकुल आणि कृतज्ञ कुळांनी विवेकी, दयाळू आणि उदार मालकासाठी तो उभारला, असा त्यावर लेख आहे. कुळांकडून वर्गणी कशी जमली असेल याची कल्पना ज्याने कधी खोताच्या किंवा इनामदाराच्या घरचे कार्य पाहिले आहे त्याला सहज करता येईल. एलिझाबेथ 1839 च्या जानेवारीत वारली. डॉर्नोकच्या ज्या जुन्या कॅथेड्रलची तिने शेवटच्या वर्षांत दुरुस्ती करवली, तिथेच तिचे दफन झाले. 1870 च्या दशकातल्या जमीन-गणनेत तिच्या वंशजांच्या नावावर एकूण 13,58,545 एकर जमीन दिसते. तेव्हा ब्रिटनमध्ये एवढी दुसऱ्या कोणाकडेही नव्हती.

स्ट्रॅथनेव्हरहून हाकललेल्यांपैकी अनेक जण ज्या उत्तर किनाऱ्यावरच्या गावाजवळ वसवले गेले त्याचे नाव बेटीहिल. ते काउंटेसवरूनच पडल्याचे मानतात. 1883 मध्ये याच बेटीहिलमध्ये लहान कुळांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाने साक्षी घेतल्या. आयोगाचे अध्यक्ष दहावे लॉर्ड नेपियर, हेही वंशपरंपरागत उमराव, मद्रासचे माजी गव्हर्नर आणि 1872 मध्ये काही आठवडे हिंदुस्थानचे हंगामी व्हाइसरॉय होते. त्यांच्यापुढे एका वृद्धाने सांगितले की लहानपणी घर सोडताना त्याने धाकट्या भावाला पाठीवर घेऊन नदी ओलांडली होती. सत्तर वर्षांनंतर प्रथमच ही गोष्ट सरकारी दप्तरात आली. 1886 च्या कायद्याने लहान कुळांना कायम कसण्याचा, वाजवी खंड ठरवून घेण्याचा आणि जमीन आपल्या वारसाला देण्याचा हक्क मिळाला. रिकामी केलेली खोरी मात्र त्या कायद्याने परत मिळाली नाहीत.

1963 मध्ये पाचवे ड्यूक निपुत्रिक वारले. 1833 ची ड्यूक ही पदवी फक्त पुरुष वारसाकडे जाणारी होती, म्हणून ती एलिझाबेथच्या दुसऱ्या मुलाच्या, म्हणजे ज्याला वडिलांनंतर कालव्याचे उत्पन्न मिळाले होते त्याच्या, वंशाकडे गेली. सदरलंडचे जुने अर्लपद आणि डनरॉबिनचा वाडा पाचव्या ड्यूकच्या पुतणीकडे आला. तिचे नावही एलिझाबेथ होते, आणि तिचा हक्क 1771 च्या त्याच निकालावर उभा होता.